पास कुणाला, पावती कुणाला

एप्रिल 2020. करोनाची टाळेबंदी, जिल्ह्यांच्या हद्दी बंद, चौकाचौकात नाकाबंदी. अशा दिवसांत उद्योजक वाधवान कुटुंबाचा 23 जणांचा ताफा खंडाळ्याहून निघाला आणि थेट महाबळेश्वरला पोचला. जवळ गृह विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. बभ्रा झाल्यावर गुन्हा नोंदवला गेला आणि अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले. सप्टेंबर उजाडला तेव्हा तोच अधिकारी पुण्याचा पोलीस आयुक्त होता.

त्याच वर्षीचा मे महिना. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळकडे चालत निघाले. तिथून मध्य प्रदेशात नेणारी श्रमिक रेल्वे मिळेल, एवढीच आशा. पाससाठी अर्ज केला होता पण उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 जण मालगाडीखाली गेले.

टाळेबंदीतल्या दंडाचा विषय निघाला की ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य ठरलेले. उगाच फिरणारे होतेच, त्यांना अडवणे गरजेचेही होते. पण त्या दोन वर्षांत कोण कुठवर पोचला, हे शिस्तीने कमी आणि ओळखीने जास्त ठरवले.

दंडाचा पाया तरी किती जणांना कळला होता? 2020 मध्ये गुन्हे नोंदवले गेले ते मुख्यतः भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली. ही संहिता 1860 ची. सरकारी हुकूम मोडला तर 200 रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत साधी कैद. जिवाला धोका झाला तर 1,000 रुपयांपर्यंत किंवा सहा महिन्यांपर्यंत. दंड किंवा कैद ठरवणार न्यायालय, तेही संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार आल्यावरच. नाक्यावर उठाबशा काढायला लावण्याची तरतूद कुठल्याही कलमात नाही. राज्यात असे एक लाखाहून जास्त गुन्हे नोंदले गेले. त्यात कॉलेजची मुले होती. पुढे पासपोर्ट आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत हे गुन्हे आडवे येऊ लागले, तेव्हा 2022 मध्ये सरकारनेच ते मागे घ्यायचे ठरवले. जे मागेच घ्यावे लागले, ते इतक्या सरसकट नोंदवले कशाला?

दुसऱ्या लाटेत दंडाचा आकडा बदलला. 22 एप्रिल 2021 च्या रात्री आठपासून जिल्ह्याबाहेर खासगी वाहनाने जायचे तर अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय निकड किंवा अंत्यविधीसारखे टाळता न येणारे कारण हवे. नाहीतर 10,000 रुपये. रोजंदारीवरच्या माणसाची ही महिन्याची कमाई. प्रवासासाठीच्या ई-पासच्या अर्जाला कागद जोडायचा. मातीला निघालेल्या माणसाने कुठला कागद जोडायचा? मृत्यूचा दाखला अंत्यविधीनंतर हातात येतो. इंटरनेट नसलेल्यांना पोलीस ठाण्यात अर्ज करता येत होता, ही चांगली सोय होती. मात्र घरात मयत झालेली असताना अर्ज करून मंजुरीची वाट बघत कोण बसेल?

नियम टिकत तरी होते का? जून 2020 च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरची मर्यादा घातली, हजारो गाड्या जप्त केल्या आणि काही दिवसांतच मर्यादा सैल केली. एप्रिल 2021 मध्ये मुंबईतच अत्यावश्यक कामाच्या गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर आले आणि आठवडाभरात गेले. तेवढ्या दिवसांत ज्यांची गाडी अडकली, त्यांचा गुन्हा कोणता, तर आजचा नियम आज माहीत नसणे.

नाक्यावरच्या हवालदाराला मी दोष देत नाही. त्याच्या हातातही तोच रोज बदलणारा हुकूम होता. उन्हातान्हात उभे राहून शेकडो पोलीस या साथीत गेले, त्यांचे ऋण मोठे आहे.

साथ पुन्हा येणार नाही, असे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून मागणी आत्ताच करायला हवी. हुकूम सोप्या मराठीत, एका पानात निघावा. तो लागू होण्याआधी किमान एक दिवस गावच्या चावडीवर आणि एसटी स्टँडवर लागावा. पावतीवर कलम आणि दाद कुठे मागायची ते छापलेले असावे. अंत्यविधीला आणि दवाखान्यात निघालेल्याला नाक्यावरच नाव-पत्ता लिहून सोडावे, कागदाची चौकशी नंतर करावी. पायी निघालेल्याला अडवायचे असेल, तर त्याच्या जेवणाची आणि गाडीची सोय आधी करावी.

यातले काहीही अजून झालेले नाही. उलट 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम 188 च्या जागी कलम 223 आले आणि 200 रुपयांच्या दंडाची मर्यादा 2,500 झाली. महिन्याची कैद सहा महिन्यांपर्यंत गेली.