कमरेला अर्धा किलो

सदर इसमाने पिस्तूल घ्यायचं ठरवलं ते कोणाला मारायला नव्हे. त्याला आजवर डाससुद्धा पहिल्या टाळीत मारता आलेला नाही. ठरलं ते बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, एका गळाभेटीत.

समोरून आलेल्या पांढऱ्याशुभ्र शर्टाने ‘राम राम पाव्हणं’ म्हणत कवेत घेतलं आणि इसमाच्या बरगडीखाली काहीतरी कडक लागलं. पांढरा शर्ट नुसता हसला, बोलला काहीच नाही. त्या दिवशी बारी कोणाच्या बैलांनी मारली ते इसमाला आजही सांगता येणार नाही. तो कडकपणा कोणत्या बाजूला होता, ते मात्र तो झोपेतही सांगेल.

(सदर इसम म्हणजे प्रस्तुत लेखकच. पोलिसी कागदात माणूस स्वतःविषयीही असा परक्यासारखा बोलतो, आणि या प्रकरणात तेच सोयीचं आहे.)

मावळात जमीन विकून वर आलेल्याला गुंठामंत्री म्हणतात. सदर इसमाने विकले अकरा गुंठे, म्हणजे तो फार तर गुंठा-राज्यमंत्री. त्यातही स्वतंत्र कार्यभार नाही, तो घरात बायकोकडे. तरी पदाला शोभेलसं राहावं लागतं. साखळी झाली, पांढरी गाडी हप्त्यावर झाली, राहिला घोडा. आजोबांच्या काळी घोडा दारात बांधत, आता कमरेला लावतात.

अमेरिकेत या विषयावर माणसं वर्षानुवर्षं वाद घालतात. नळी किती आखूड असावी, मूठ किती बारीक, शर्टावर उंचवटा दिसू नये म्हणून पट्टा कसा बांधावा. आपल्याकडे असा घोळ होत नाही, कारण निवडायलाच फारसं नाही. शस्त्र कायदा 1959 चा. 9 मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध, त्यामुळे ज्याची त्याची गाडी शेवटी .32 बोअरवर येऊन थांबते.

तिथे ‘निर्भीक’ उभं असतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी 2014 मध्ये आणलेलं रिव्हॉल्व्हर. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन 500 ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. महिलांना पर्समध्ये ठेवता यावं असा विचार करून केलेलं. एवढं कळल्याबरोबर मित्रमंडळाने ते चहा संपायच्या आत निकालात काढलं. ‘लेडीज हाये ते.’ मग 2023 साली कानपुरातूनच आलेलं ‘प्रबल’. 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर, गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं. ‘अशनी’ नावाचं देशी पिस्तूलही आहे, पण नाव ऐकून इसमाला आधी ते चूर्ण वाटलं.

निर्णय ऐकीव माहितीवर नको, अनुभवावर हवा. म्हणून इसमाने लोणावळ्याच्या बाजारातून अर्धा किलो शेंगदाणा चिक्कीचा बॉक्स आणला. हे निर्भीक. वर दोनशे ग्रॅम फज ठेवलं की प्रबल. दोन्ही रुमालात बांधून, उजव्या कमरेला खोचून, वर शर्ट सोडून तो कामशेतला पुण्याच्या लोकलमध्ये चढला. बसलं की बॉक्सचा कोपरा बरगडीत घुसत होता, म्हणून तो उभा राहिला. तळेगावला गर्दी आत आली आणि प्रबल पोटाकडे सरकलं. देहूरोडच्या पुढे फजने जीव सोडला. शिवाजीनगरला उतरला तेव्हा शर्ट, रुमाल आणि इसम एकजीव झाले होते. आणि सबंध प्रवासात एकाही माणसाने त्या उंचवट्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

अमेरिकन माणूस याला यश म्हणाला असता.

आपला कायदाही त्याच्याच बाजूचा निघाला. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल कव्हरात आणि पूर्ण झाकलेलं हवं. आता लाख-सव्वा लाख घालायचे, परवान्यासाठी चपला झिजवायच्या, आणि शेजाऱ्याला कळायचंसुद्धा नाही? इतका त्याग सदर इसमाच्या रक्तात नाही. वरातीत हवेत बार काढावा, तर 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरातल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय. मग उरते फक्त गळाभेट. मावळात पुरुष अलीकडे एकमेकांना इतक्या प्रेमाने का भेटतात, हे कोडं इसमाला इथे सुटलं.

कव्हर मात्र त्याने घेऊनच टाकलं. अस्सल चामड्याचं, काळं, बटणाचं. घोडा यायचा होता, खोगीर आधी आलं. पहिल्याच पावसाळ्यात कपाटात त्याच्यावर हिरवी बुरशी चढली. लोणावळ्याच्या हवेत पापड आणि चामडं या दोन्हींचं कोणी काही सांगू शकत नाही.

परवान्याची चौकशी करायला इसम वडगावच्या पोलीस ठाण्यात गेला आणि आवारातच अडकला. तिथे इष्टूर फाकड्याची समाधी आहे. आता हा विषय निघाला की सदर इसमाला आवरत नाही, त्याच्या घरचे अशा वेळी उठून आत जातात. वाचकांनीही जायला हरकत नाही.

कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रज घाट चढून आले, त्या फौजेतला. फौज जेमतेम चार हजारांची आणि तिच्यामागे सामान ओढायला 19,000 बैल! आजच्या कुठल्या घाटावर एवढे बैल एका जागी जमले, तर बारी लावायलाच वर्ष जाईल. हा सगळा लवाजमा खंडाळ्याहून असा सरकत होता, की रविवारी संध्याकाळी बोरघाटात अडकलेल्यालाच त्याची कल्पना यावी. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्यापाशी स्टुअर्ट पडला. टेहळणीला झाडावर चढला होता आणि तोफेच्या गोळ्याने गेला, असं सांगतात. उठून दिसण्याची हौस, दुसरं काय. पण गडी असा लढला होता, की मराठ्यांनी शत्रूलाच ‘फाकडा’ म्हटलं आणि साडेतीन फाकड्यांतला अर्धा मान त्याला दिला. स्टुअर्टचा इष्टूर झाला तो कायमचाच. पुढे इंग्रजांनी तळेगाव गाठलं तर गाव जाळून मोकळं केलेलं, दाणा ना वैरण. 11 जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. वडगावात महादजी शिंद्यांच्या फौजेने कोंडलं, आणि तह तिथेच झाला. सदर इसमाच्या मते मावळातली ही शस्त्रं जमा करायची पहिली मोहीम. फक्त पावती कोणी दिली नाही.

असो.

ठाण्यातल्या हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, ‘धमकी कोणाची हाये?’

इसम गप्प. अर्जात स्वसंरक्षण लिहायचं तर धोका कोणापासून, हे सांगावं लागतं, आणि त्याचा विचारच त्याने केला नव्हता. घरी येऊन बायकोला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘अहो, तुम्हाला कोण मारणार? कामं नाहीत का लोकांना?’ हे फार लागलं. बावन्न वर्षं या तालुक्यात काढली आणि एक धड वैरी नाही! शेवटी तो चुलतभावाकडे गेला. दोघांत बांधावरून दहा वर्षं अबोला. ‘एखादी धमकी देतोस का? लेखी दिलीस तर बरं.’ भावाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘दादा, जेवून जा.’ दहा वर्षांचा अबोला वांग्याच्या भाजीवर मोडला आणि अर्ज आणखीच लंगडा झाला.

मावळाला गोळीचा आवाज माहीत नाही असं नाही. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघं गेले. त्यात एक बाई होती. पाण्यासाठी रस्त्यावर आलेली माणसं. त्या गोळ्यांची आठवण घाटावरच्या गळाभेटीत कोणी काढत नाही, आणि ते पांढरे शर्ट पाहिले की सदर इसमाला कधीकधी संताप येतो. त्यात आपलाही एक शर्ट आहे, हे आठवलं की तो आणखी वाढतो.

वडिलांकडे बंदूक होती. ठासणीची, एकनळी, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीत आलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची. वडील रात्रभर माळ्यावर बसायचे आणि पहाटेकडे एक बार काढायचे. डुक्कर एकही मेलं नाही, बार कळपाला ऐकू जावा एवढंच काम. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा व्हायची आणि पावती ट्रंकेत, आईच्या लुगड्यांखाली. ते गेल्यावर बंदूक कायमची जमा केली. ट्रंकेतल्या कागदांत त्यांच्या अर्जाची नक्कल सापडली. शस्त्र कशासाठी हवं, या प्रश्नापुढे त्यांच्या अक्षरात एकच शब्द आहे: भात.

तो भात ज्या अकरा गुंठ्यांत व्हायचा, तिथे आता कुंपण आहे, निळ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव आहे आणि शनिवारी रात्री मोठ्याने गाणी लागतात. आई विचारते, ‘आरं, डुकरं आता जात्यात तरी कुठं?’

सदर इसमाचा अर्ज टेबलाच्या खणात आहे. नाव, वय, पत्ता भरलेला, धोक्याचा रकाना कोरा. चामडी कव्हराची बुरशी त्याने खोबरेल तेलाने पुसून काढली आणि त्यात जवळचा चष्मा ठेवायला सुरुवात केली. अगदी मापात बसतो. तेव्हा घाटावर कोणी प्रेमाने कवेत घेतलं आणि उजव्या कमरेला काही कडक लागलं, तर कृपा करून जरा हळू दाबा. काच गेल्याच महिन्यात बदललीय.