मुद्दा पायथ्यालाच राहिला

राजगडाची एक वाट गुंजवण्यातून निघते आणि चोर दरवाजापर्यंत चांगलाच दम काढते. परवा रविवारी पायथ्याच्या टपरीवर बसलो होतो, तर तिथे चढण्याआधीच लोकांना धाप लागलेली. राजगडावर रोपवे नेण्याचा प्रस्ताव २०२२मध्ये सरकारने पुढे आणला. तेव्हापासून हा विषय निघाला की दोन बाकांची दोन गावं होतात.

एक जण म्हणाला, "रोपवे झाला तर म्हाताऱ्या माणसांनाही गड बघता येईल." समोरून लगेच आलं, "म्हणजे तुम्हाला किल्ल्याचा बाजार मांडायचाय!" तो असं बोललाच नव्हता. मग तोही पेटला. "म्हणजे आमच्या आईनं गड बघूच नये?" तेही कुणी म्हटलं नव्हतं. समोरच्याचं खरं म्हणणं खोडणं अवघड, म्हणून त्याच्या तोंडी भलतंच घालायचं आणि ते झोडपायचं. शेतातल्या बुजगावण्याला दगड मारत बसावं आणि डुकरांनी मागे पीक फस्त करावं, तसं हे चालतं.

"रायगडाला १९९६पासून रोपवे आहे. काय बिघडलं?" हा प्रश्न चांगला होता. त्याला नीट उत्तर हवं होतं. रायगडाचा माथा ऐसपैस. राजगड तीन माच्यांत फाकलेला, बालेकिल्ल्याची वाट अरुंद आणि खड्या चढाची. पद्मावती माचीवर एका वेळी किती माणसं मावतील, त्यांना पाणी कुठलं, कचरा खाली कोण आणणार, हे बोलायला हवं होतं. मिळालं काय? "तू पुण्यात राहतोस, तुला काय कळतंय!" अरे, त्याचा प्रश्न चुकीचा असेल तर चूक प्रश्नात दाखवा. त्याच्या पत्त्यात काय शोधता?

"आज रोपवे, उद्या हॉटेल, परवा दारू" हेही झालं. ही भीती खोटीच, असं मी म्हणणार नाही. पण चोर दरवाजातून थेट बालेकिल्ल्यावर उडी मारता येत नाही. मधली प्रत्येक पायरी दाखवावी लागते.

सगळ्यात घात केला तो 'विकास' या शब्दाने. एकाच्या मनात रस्ता आणि दवाखाना, दुसऱ्याच्या मनात तिकीटखिडकी. न्यायसूत्रावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात याचा जुना दाखला आहे. कुणी 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी म्हणतो आणि ऐकणारा भांडतो की याच्याकडे नऊ घोंगड्या आहेतच कुठे? त्याला तिथे वाक्छल म्हटलंय. इतक्या शतकांनी आपण तीच घोंगडी ओढतोय, आणि त्या ओढाताणीत गावाचा दवाखाना राहून जातो. याचा मला मनापासून राग येतो.

टपरीच्या कडेला ताकाची किटली घेऊन एक मावशी थांबली होती. दर रविवारी ती किटली वर नेते. म्हणाली, "मानसं वरच्या वर ग्येली, तर वाटंत माजं ताक कोन घेनार? आन् वर बसायला जागा देनार का मला?"

"मावशी, हा महाराजांच्या किल्ल्याचा विषय आहे," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

तिने चुंबळ नीट केली, किटली डोक्यावर घेतली आणि वाटेला लागली. तासाभरात ज्यांचं उत्तर खरंच शोधता आलं असतं, असे दोनच प्रश्न तिथे निघाले होते. दोन्ही तिचे होते.