साहेबाची भूक, आमची ऐट

फळांच्या बाबतीत ब्रिटन भलताच परावलंबी देश. तिथल्या सरकारचाच अन्नसुरक्षा अहवाल सांगतो, की खाल्ल्या जाणाऱ्या फळांतली शेकडा पंधरा-सोळाच घरची. बाकी सगळी बोटीनं नाहीतर ट्रकनं आलेली. केळी कोलंबिया, कोस्टा रिकाहून आणि हिवाळा सरताना द्राक्षं आमच्या नाशिकहून. ज्यांनी दीडशे वर्षं आम्हांला शिस्त शिकवली, ते आता घोसभर द्राक्षांसाठी निफाडकडे डोळे लावून बसतात, हे वाचून ऊर भरून येईल. येऊ द्या. पुढे जरा अडचण आहे.

साहेबाचं परावलंबन खानदानी आहे. महायुद्धात 1940 साली केळ्यांची आयात बंद झाली. युद्ध संपल्यावर मुलांसाठी केळी आली, तेव्हा कादंबरीकार इव्हलिन वॉ यांच्या घरी तीन मुलांना मिळून तीन केळी आली. वडिलांनी ती सोलली, वर साय आणि साखर घातली आणि मुलांच्या देखत एकट्यानं संपवली. मुलगा ऑबेरॉन पुढे लेखक झाला. त्यानं ही गोष्ट आत्मचरित्रात घालून हिशेब चुकता केला.

2023 च्या फेब्रुवारीत स्पेन-मोरोक्कोकडचा टोमॅटो थंडीनं घटला आणि ब्रिटनमधली मोठी दुकानं गिऱ्हाईकाला टोमॅटो मोजून देऊ लागली. (वनस्पतिशास्त्राच्या लेखी टोमॅटो फळच, तेव्हा हरकत नसावी.) मंत्रीणबाई थेरेझ कॉफी यांनी संसदेत जनतेला सलगमची आठवण करून दिली. मंत्री कुठल्याही देशाचे असोत, टंचाईवरचा त्यांचा इलाज एकच: दुसरं काहीतरी खा.

याच देशात न्यूटननं सफरचंद पडताना पाहिलं. केंटमध्ये ब्रॉग्डेलला सफरचंदाच्या 2,000 हून अधिक जाती जिवापाड जपल्या आहेत. हंगाम सरला की दुकानात मात्र न्यूझीलंडचा माल. स्ट्रॉबेरी तेवढी अस्सल इंग्लिश. पण ती खुडायला हंगामी व्हिसावर मध्य आशियातून माणसं येतात. फळ स्वदेशी, हात आयात.

आता आम्ही. केळी, आंबे, पपया यांत जगात पहिले. एकटं जळगावसुद्धा केळ्यांत साहेबाला तारून नेईल. मग आम्ही दरसाल लाखो टन परदेशी सफरचंदं कशाला आणतो? खायला, असं वाटत असेल तर तुम्हांला व्यवहार कळत नाही. ती न्यायला आणतो. आजारी माणसाला बघायला जाताना पेरू नेले, तर नातेवाईक पिशवीकडे बघून 'कशाला उगाच त्रास घेतलात' म्हणतात, आणि तसंच त्यांच्या मनात असतं. तेच प्रत्येक फळावर स्टिकर लावलेलं वॉशिंग्टनचं सफरचंद नेलं, की पेशंट उठून बसतो. डेंग्यू झाला तर किवी. पेशीबिशी नंतर, आधी शेजाऱ्यांना कळलं पाहिजे.

या रोगावर सरकारनं औषधही देऊन पाहिलं. परदेशी सफरचंदावर 50 टक्के शुल्क होतंच. 2019 साली ट्रम्पसाहेबांच्या पोलादावरच्या शुल्काला उत्तर म्हणून अमेरिकन मालावर आणखी 20 टक्के लावलं. अमेरिकन सफरचंद मागं पडलं, तुर्की आणि इराणी पुढं आलं. 2023 मध्ये ते जादा शुल्क उठलं. 2025 च्या मे महिन्यात तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली, म्हणून पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदावर बहिष्कार टाकला. देशभक्तीनं मार्केट यार्ड दुमदुमलं. बहिष्कार तुर्कीवर होता, स्टिकरवर नव्हता.

हिमाचलचे बागायतदार आता शंभर टक्के शुल्क मागतायत. त्यांची व्यथा खरी आहे, पण उपाय उलटेल. फळ जितकं महाग, तितकं ते भेट म्हणून लायक. शंभर टक्क्यांनंतर ते थेट मंत्रालयात पोचेल. साहेब पिकत नाही म्हणून आणतो, बिचारा. आमच्याकडं पिकतं, म्हणूनच त्याला किंमत नाही.

विश्वास बसत नसेल, तर येत्या दिवाळीत वरिष्ठांच्या घरी डझनभर सीताफळं पाठवा आणि बढतीचं काय झालं ते आम्हांला जरूर कळवा.