गाडीसमोरचे काका

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आवाज इंजिनाचा नसतो, भोंग्याचाही नसतो. तो असतो, ‘ओ काका, जरा बाजूला व्हा!’ गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ गुडघा टेकून, एक डोळा मिटून बसलेला असतो. समोर शंभरीला आलेली, नुकतीच रंगवून चकचकीत केलेली रोल्स-रॉइस असते. आणि दोघांच्या बरोबर मधोमध हातात पिशवी घेतलेले काका ‘ॲव्हरेज किती देत असेल हो?’ या गहन विचारात उभे असतात. काका हलतात तोवर काकू येतात, काकू सरकतात तोवर शाळेची सहल येते. माझं म्हणणं इतकंच, की यातल्या कोणालाही हलवू नये. असल्या गाडीचा फोटो माणसांसकटच काढावा; माणसं वगळून काढलेला फोटो कितीही देखणा असला, तरी त्यात टिपण्यासारखं फारसं काही उरत नाही.

मुळात त्या गाडीत जुनं असतं किती, ते बघा. रोल्स-रॉइस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत नुसती चासी आणि इंजिन विकायची. वरचा सांगाडा हूपर, बार्कर यांच्यासारख्या वेगळ्या कारखानदारांकडून आपल्या हौसेप्रमाणे बांधून घ्यावा लागे. म्हणजे जन्मापासूनच कापड एकाचं आणि शिंपी दुसरा. त्यावर कित्येक दशकांनी डेंटिंग-पेंटिंग होतं, गाद्यांचं कातडं बदलतं, वायरिंग नवं येतं. १९२४ सालच्या गाडीवर क्रोमचा निळसर झगमगाट दिसला, की समजावं मालकाचा उत्साह इतिहासाच्या पुढे धावला; कारण क्रोमचा मुलामा मोटारींवर रुळला तो त्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल असे, आणि निकेलची झाक किंचित पिवळसर असते. तेव्हा गर्दी हटवून, श्वास रोखून तुम्ही जो फोटो घरी नेता, तो १९२४चा नसतोच. तो अलीकडच्या एका रंगाऱ्याच्या कामाचा असतो. काम फर्मास असतं, वाद नाही. पण तो रंग पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनातही तसाच असणार. काका असतीलच असं नाही.

शिवाय माणसं वगळतो म्हटलं तरी ती वगळली जात नाहीत. काळी कुळकुळीत गाडी समोरचं सगळं पोटात घेते. जाणकार मंडळी त्यावर पोलरायझर फिल्टर लावतात. रंगावरची आणि काचेवरची चमक त्याने ठरावीक कोनातून कमी होते, पण उघड्या धातूवरची हटत नाही; त्यापुढे महागड्या लेन्सचंही काही चालत नाही. परिणामी दारावर उमटलेला सिक्युरिटीवाला पुसला जातो, आणि हेडलाइटच्या फुगीर पाठीवर मात्र अख्खं मैदान शाबूत राहतं: मांडव, आइस्क्रीमची गाडी, वाकडं झालेलं आभाळ आणि या सगळ्याच्या मध्यभागी गुडघा टेकलेले, पोट सुटलेले खुद्द फोटोग्राफर. ज्याने सगळ्या गावाला बाजूला काढलं, तो एकटा तेवढा गाडीत जाऊन बसला!

आणि असली गाडी बघ्यांशिवाय कधी होती? १९०८ साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने मुंबई-कोल्हापूर मार्गावरची चाचणी मारली. सहा घाट आणि सुमारे ६२० मैल. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेली. (तिच्या नाकावर ती पंखवाली बाईसुद्धा नव्हती, बाई आली १९११ साली. आज निम्मे कॅमेरे गाडी सोडून बाईवरच रोखलेले असतात, तो भाग वेगळा.) संस्थानिकांनी बघावं, हळहळावं आणि मग पैसे मोजावेत, याहून वेगळं कारण एवढ्या नाजूक वस्तूला घाट चढायला लावण्यात कोणतं असणार? कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराणं मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणाऱ्या फोटोत फेटे असतात, सोनं लुटायला टपलेली गर्दी असते आणि त्यातून डोकावणारी मेबॅक असते. त्या फोटोतली गर्दी पुसून नुसती मोटार ठेवली, तर तो दसऱ्याचा राहील का?

आमच्या रहिमतपुराला तर हे शिकवायलाच नको. नवा ट्रॅक्टर दारात आला की फोटो निघतो तो असा: बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, स्टीअरिंगवर आजोबा, मडगार्डवर नातवंडं, शेजारी खास बोलावून आणलेली आत्या. ट्रॅक्टर म्हणून दिसतं ते एक चाक आणि कंपनीचं अर्धं नाव. तरी वीस वर्षांनी तोच फोटो भिंतीवर असतो, आणि धाकटा तेव्हा केवढा होता यावरून ट्रॅक्टर कोणत्या साली घेतला ते घरात कोणीही सांगतं. कंपनीच्या कॅलेंडरवरचा माणूसविरहित, निखळ ट्रॅक्टर भिंतीवर टिकतो डिसेंबरपर्यंत.

आता यावर दर्दी लोक म्हणणार, की गाडीच्या मडगार्डची ती लांबलचक वळणदार रेघ हीच कला आहे, आणि तिच्यासमोर पिशवी आणून उभी करणं हा अपराध आहे. रेघ सुंदर असते, कबूल. पण सहा फुटी मडगार्डचा डौल कळायला शेजारी साडेपाच फुटी माणूस लागतोच. एकट्या गाडीच्या फोटोवरून ती खेळण्यातली की खरी, हेही कधी कधी सांगता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुढे कोणाला तशीच गाडी दुरुस्त करायची झाली, तर त्याला बिजागरी, खिळे, डायल यांचे स्वच्छ फोटो हवेत. हे मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त ते काम गॅरेजात, ढगाळ सकाळी, शेजारी मोजपट्टी ठेवून होतं. रविवारच्या गर्दीत नाही. तिसरी तक्रार मालकाची: लोक हात लावतात, अंगठीचे ओरखडे उठतात. खरं आहे, लावू नयेच. पण कोणाचं बोट रंगाकडे सरकलं की फडकं घेऊन धावणारा मालक हे त्या मैदानातलं सर्वोत्तम दृश्य असतं आणि त्याचा फोटो क्वचितच कोणी काढतं. सेल्फीवाल्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. गाडीसोबत दिसणं वेगळं आणि आख्खं बॉनेट नाकाने झाकणं वेगळं.

कायद्यानेही एका अर्थी हेच सांगितलं आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांना नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. पण रोजच्या कामाला किंवा भाड्याने ती गाडी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच तिने रस्त्यावर यायचं. म्हणजे बाजारहाट बंद, लग्नाचं भाडं बंद. उरलं ते मुख्यतः लोकांनी बघणं. बघणाऱ्यांना फोटोतून वगळलं, तर ती गाडी बाहेर कशासाठी काढली होती तेच फोटोतून गळतं.

तेव्हा कॅमेरेवाल्यांना एक विनंती. पुढच्या प्रदर्शनात चार पावलं मागे जा, रुंद लेन्स लावा, आणि फोटोखाली गाडीचं मॉडेल लिहाल तसं त्यात दिसणाऱ्या माणसांचं गावही लिहा. एक प्रत मालकाला पाठवा. त्याच्याकडे गाडीचे फोटो ढिगाने असतात. गाडी बघणाऱ्यांचा बहुधा एकही नसतो.