मारिओशास्त्री कसे व्हावे?

मारिओ खेळता येणे आणि मारिओशास्त्री असणे यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे इच्छुकाने आधीच समजून घ्यावे. खेळणारा राजकन्येला सोडवायला धावतो. शास्त्री पहिल्याच पडद्यावर थांबतो आणि सांगतो, की वरचा ढग आणि खालचे झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावायचे होते, रोज सकाळी आत्याकडून येणारे ‘शुभ प्रभात’चे गुलाबही त्याहून जड असतात. म्हणून खेळ काढणाऱ्या निन्टेंडोने ढगच हिरवा करून जमिनीवर बसवला. हे ऐकण्याच्या नादात शेजारच्या खेळाडूचा मारिओ खड्ड्यात पडेल. पडू द्यावा.

आरंभ चरित्राध्ययनाने करावा. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मध्ये नायकाचे नाव ‘जंपमॅन’ होते आणि पेशा सुताराचा. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेच्या गोदामाचे मालक होते मारिओ सीगाली. थकलेल्या भाड्यासाठी ते तावातावाने येऊन गेले आणि नायकाचे बारसे झाले, असे सांगतात. (पागडीच्या खोलीत आयुष्य काढलेल्या एकाही मराठी लेखकाने आपल्या नायकाला घरमालकाचे नाव दिल्याचे ऐकिवात नाही.) नळकाम त्याने धरले ते १९८३ पासून. त्यामुळे चारचौघांत कोणी ‘तो प्लंबर’ म्हणाले, की किंचित खाकरावे आणि ‘आधी सुतार’ एवढेच म्हणून गप्प बसावे. मिशीबद्दल विचारलेच तर मारिओच्या जनकाचा, शिगेरू मियामोतोंचा हवाला द्यावा: इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून मिशी, केस जमेनात म्हणून टोपी.

मुलांच्या वाढदिवसासाठी एक माहिती खास राखून ठेवावी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे, की कूपा नावाच्या दुष्ट टोळीने जादूटोणा करून अळंबीराज्यातल्या गरीब प्रजेचे दगड, विटा आणि झाडेझुडपे करून टाकली. म्हणजे मारिओ उड्या मारमारून फोडतो त्या विटा कोण, याचा निष्कर्ष मुलांना स्वतःच काढू द्यावा. केक त्यानंतर कापावा. एखाद्या लहानग्याला हुंदका फुटलाच, तर मारिओ वीट डोक्याने नव्हे, मुठीने फोडतो, अशी दुरुस्ती करून त्याचे सांत्वन करावे.

वादात उत्तर कधी देऊ नये, उलट प्रश्न करावा. समजा कोणी विचारले, ‘मारिओचा दुसरा भाग खेळलायस?’ तर शांतपणे ‘कुठल्या देशातला?’ म्हणावे. जपानमधला १९८६ चा दुसरा भाग इतका अवघड होता, की अमेरिकी शाखेने तो नाकारला. मग ‘यूमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’ नावाच्या भलत्याच खेळातले चार नायक पुसून तिथे मारिओ आणि मंडळी बसवली आणि १९८८ मध्ये तोच ‘दुसरा भाग’ म्हणून अमेरिकेत विकला. १९९२ साली हा दत्तक मुलगा ‘सुपर मारिओ यूएसए’ नावाने जपानला परत गेला. एवढे सांगून होईपर्यंत विचारणारा बहुधा उठून गेलेला असतो. याला वादात जिंकणे म्हणतात.

पदवी परीक्षेचा विषय मात्र शिलालेखवाचन. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये राजवाड्याच्या मागच्या अंगणात एक शिल्प आहे, त्याखाली एक धूसर फलक. त्यावरची अक्षरे ‘एल इज रिअल २४०१’ अशी लावण्यात आली. एल म्हणजे लुइजी, मारिओचा भाऊ, जो त्या खेळात कुठेच नव्हता. झाले! पिढ्यान्‌पिढ्या शास्त्री त्या अंगणात प्रदक्षिणा घालत राहिले, नाणी मोजत राहिले. ताम्रपटांच्या वाट्यालाही इतका भक्तिभाव आला नसेल. पुढे तोच फलक निन्टेंडोच्याच ‘झेल्डा’ मालिकेतल्या एका खेळातही सापडला, आणि शहाण्या माणसाने इथेच ओळखले असते, की हे भिंतीला लावायचे साधे चित्र आहे. पण जुलै २०२० मध्ये निन्टेंडोच्या जुन्या फायली फुटल्या आणि त्यांत लुइजीच्या आकृतीचे भाग निघाले. मूळ खेळ जपानमध्ये आल्याला तेव्हा २४ वर्षे १ महिना झाला होता. २४, ०१. हा योगायोग आहे असे जो म्हणेल त्याने पुन्हा पहिलीत बसावे.

आता संग्रह. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’चा एक सीलबंद डबा लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेला. हा खेळ दुर्मीळ मुळीच नाही, लाखोंनी खपलेला आहे. दुर्मीळ आहे तो न खेळलेला खेळ. तेव्हा माळ्यावर नव्वदच्या दशकातली, ‘९९९९ इन १’ असे छापलेली पिवळी कॅसेट सापडली तर आशा धरू नये. त्या ९९९९ मध्ये निरनिराळ्या नावांनी मारिओच पुन्हापुन्हा भेटे, आणि चालेना की आपण सगळे तिच्यात फुंकर मारत असू. फुंकू नका, असे खुद्द निन्टेंडो सांगत आली आहे, कारण ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. गुण येई तो कॅसेट काढून परत बसवल्याने. तरीही मंत्र सोडू नये. भाविकाने फुंकावे, संग्राहकाने हातमोजे घालावेत.

सीलबंद डबा घेतलाच, तर त्याला दर्जा ठरवणाऱ्यांकडून आकडा मिळवावा. वरच्या डब्याचा होता ९.८, पुढे ए आणि दोन अधिकचिन्हे. मग आपला डबा जाड प्लास्टिकच्या पेटीत ठेवून दिवाणखान्यात मांडावा. आत कॅसेट खरोखर आहे का, असे सासरेबुवा विचारतीलच. खात्री पटवायला डबा हलवून दाखवू नये. कोपरा दबला तर ९.८ चे ९.६ होतात.