सोवळ्यातले पाप

मद्यपान हे पाप आहे की नाही याविषयी शास्त्रकारांत मतभेद असले, तरी ते अंधारात करावयाचे कृत्य आहे याविषयी आम्हां महाराष्ट्रीयांत कधीच दुमत नव्हते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आमच्याकडे जी परवान्याची व्यवस्था रूढ केली, तिच्यामुळे माणसाने स्वतःच्या प्रकृतिस्वास्थ्याच्या रक्षणार्थ प्यावे, सरकारदरबारी तसे नमूद करून घ्यावे, आणि मग ‘परमिट रूम’ अशी पाटी असलेल्या, काळ्या काचांच्या, भर दुपारीही तिन्हीसांज वाटावी अशा खोलीत खालमानेने शिरावे, असा एक शिष्टाचारच पडून गेला. या शिष्टाचारात वाढलेला मनुष्य डब्लिनच्या पबमध्ये मध्यान्हीच्या भोजनास गेला, म्हणजे त्याच्या पापभीरू मनाची जी घोर निराशा होते, तिची दाद त्याने कोणाकडे मागावी?

आमचा भाचा दिनू तेथे नोकरीस आहे. ‘मामा, आज जेवण पबमध्ये. मामी, तुम्हीसुद्धा,’ असे त्याने जाहीर केले, तेव्हा हिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि मी, चेहरा शक्य तितका उदासीन ठेवून, मनातल्या मनात अधःपाताची सिद्धता केली. प्रत्यक्षात आत पाहतो तो खिडकीतून लख्ख ऊन आलेले, एक आजीबाई नातवाला सूप भरवीत बसलेल्या, कोपऱ्यात एक गृहस्थ वर्तमानपत्रातील निधनवार्ता मन लावून वाचीत असलेले. गल्ल्याशेजारी लाकडी तावदानांनी बंदिस्त केलेली एक चिमुकली खोली होती, तिला तेथे ‘स्नग’ म्हणतात. पूर्वी स्त्रिया, धर्मोपदेशक आणि पोलीस अशी ज्यांना चारचौघांत पिण्याची चोरी होती ती मंडळी तीत बसत आणि एका झरोक्यातून त्यांना पेला मिळे. ही योजना ऐकून मला क्षणभर माहेरची भेट झाल्यासारखे वाटले. पण आत डोकावलो तर दोन प्रौढा चहा पीत आणि सफरचंदाचा पाय खात बसल्या होत्या.

भोजनाच्या बाबतीत आयरिश मनुष्याची बटाट्यावरील निष्ठा अव्यभिचारी आहे. १८४५ पासून काही वर्षे याच पिकाने रोग पडून दगा दिला, दहा लाखांच्या आसपास माणसे दगावली, तितकीच देशोधडीला लागली. तरीही त्या राष्ट्राने बटाट्याशी अबोला धरला नाही, याला थोर मनच हवे. माझ्यापुढे मेंढीचे मांस, कांदा आणि बटाटे यांचा स्ट्यू आला. त्याच्या शेजारी कुस्करलेला बटाटा होता. आणि या दोघांना सोबत म्हणून तळलेला बटाटा होता. हिच्यासाठी ताक आणि खाण्याचा सोडा घालून भाजलेला तपकिरी पाव, खारे लोणी आणि चीज मागवले. तेव्हा दिनूने विद्वत्ता पाजळली, की जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचा नायक १६ जून १९०४ रोजी याच शहरातील डेव्ही बर्नच्या पबमध्ये गोर्गोन्झोला चीजचे सँडविच खातो, आणि म्हणून आजही त्या तारखेला रसिक लोक तेथे जाऊन भक्तिभावाने तेच सँडविच खातात. ‘गोर्गोन्झोला म्हणजे ते निळी बुरशी आलेले ना?’ ही म्हणाली. ‘आमच्याकडे तसले झाले तर मोलकरीणही नेत नाही.’

आता पेयाकडे वळतो. गिनेस या काळ्या बिअरचा पेला मागितल्याबरोबर मिळतो असे कोणी समजू नये. प्रथम पेला तिरपा धरून तो पाऊण भरतात आणि मग तो मागवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तसाच ठेवून देतात. आत धूसर पिंगट लाटा उसळतात. बुडबुडे वर जाण्याऐवजी काचेच्या कडेने चक्क खाली उतरताना दिसतात. हळूहळू खाली काळोख आणि वर सायीसारखा फेस अशी विभागणी होते. मी हात पुढे केला तेव्हा दिनू कळवळून म्हणाला, ‘मामा, थांबा, अजून भरायचाय तो!’ या साऱ्या विधीस ११९.५ सेकंद लागावेत असे खुद्द कंपनीचे सांगणे आहे. तो अर्धा सेकंद कोणत्या कारकुनाने मोजला असेल हे कळत नाही. पण ज्या आर्थर गिनेसने १७५९ साली सेंट जेम्सेस गेटची जागा सालिना ४५ पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांच्या पट्ट्याने लिहून घेतली, त्याच्या वारसांना दोन मिनिटांची घाई का असावी? आमच्याकडे अकरा महिन्यांच्या कराराचे नूतनीकरण करताना घरमालकाचा चेहरा काय होतो ते आठवून मी त्या अज्ञात जमीनदाराविषयी हळहळलो. पुढे कंपनीने ती जमीनच विकत घेतल्याने तो पट्टा निकालात निघाला म्हणतात. नाहीतर इसवी सन १०७५९ मध्ये एक मोठा दावा उभा राहिला असता.

मात्र खरी कसोटी पिण्यात नसून देण्यात आहे. दिनूचे दोन आयरिश सहकारी येऊन बसले आणि त्यांतील एकाने आम्हां चौघांसाठी पेले आणले. मी सौजन्याने माझ्या पेल्याचे पैसे पुढे केले, तेव्हा त्याने माझ्याकडे अशा दुःखाने पाहिले की जणू मी त्याच्या तीर्थरूपांविषयी काही बोललो होतो. तेथील रिवाज भिशीसारखा आहे: प्रत्येकाने आपल्या पाळीला सर्वांना पाजायचे, आणि आपली पाळी होण्यापूर्वी उठून जाणारा मनुष्य समाजातून उठला म्हणून समजावे. तात्पर्य, चौघांच्या मेजावर चार फेऱ्या अटळ. याच भीतीने की काय, १९२७ च्या कायद्याने डब्लिनसारख्या शहरांत दुपारी अडीच ते साडेतीन पब बंद ठेवण्याची सक्ती केली होती, जेणेकरून जेवावयास आलेला नोकरवर्ग कामावर परत जावा. लोकांनी या तासाला ‘पवित्र तास’ असे नाव दिले. आणि पुष्कळ ठिकाणी बाहेरून दार बंद होताना आतली मंडळी आतच राहत, असे ते दोघे सद्गदित होऊन सांगत होते. १९८८ मध्ये तो निर्बंध उठला, तेव्हापासून त्या तासाचे पावित्र्य गेले, असा त्यांचा सूर होता.

तिसऱ्या फेरीच्या सुमारास दिनूचा फोन वाजला. पुण्याहून आमची ताई, म्हणजे त्याची आई, बोलत होती, आणि त्या द्रोह्याने फोन सरळ माझ्या हाती दिला. खोटे बोलणे मला जमत नाही. आणि ही तर समोरच बसलेली.

‘काय रे, जेवलात का? काय होतं?’

‘बटाट्याची भाजी. आणि ताकातला पाव.’

‘आणि प्यायला?’

‘भाजलेल्या जवाचं पाणी,’ मी म्हणालो. ‘इकडे सगळे तेच पितात.’

‘फार चांगलं,’ ताई समाधानाने म्हणाली. ‘जव पित्तावर उत्तम. दिनूला रोज घ्यायला सांग. तो माझं ऐकत नाही.’