पोटुशी मोली

रत्नागिरीत माशाचं पोट दाबून बघतात ते गाबोळीसाठी, पोटातल्या अंड्यांसाठी. मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडा असो की रावस, पोट टम्म दिसलं की विकणारीचा आवाज चढतो. "बघा वयनी, गाबोळीचा हाय!" पाठोपाठ भावही चढतो. मग ती गाबोळी हळद-तिखट लावून तव्यावर तळायची आणि तिच्या तुकड्यावरून पोरांनी भांडायचं, ही इथली रीत. गरोदर माशाशी इतका सरळ आणि खमंग व्यवहार असलेल्या गावात एखाद्या घराच्या हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी येते, तिच्यातली काळी मोली पोटुशी राहते आणि अख्खं घर तिच्या बाळंतपणाला कंबर कसून उभं राहतं, तेव्हा बघण्यासारखं बरंच काही असतं.

घर कुठलंही धरा. मारुती मंदिराच्या अंगाला एखादा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यात नुकतेच निवृत्त झालेले काका, काकू, वरच्या पट्टीत बोलणाऱ्या आजी आणि शाळेत जाणारी नात. टाकी आणायची कल्पना नातीची, पैसे काकांचे, पाणी बदलायचं काम काकूंचं. आजींचं मत पहिल्या दिवशीच नोंदवून झालेलं असतं: "खायचा नाय तर मासा आणलात कशाला?"

पोट पहिल्यांदा दिसतं ते काकूंना. काका म्हणतात, जास्त खाल्लंय. हा वाद मिटवायला पुस्तकात एक खूण दिलेली असते: गप्पी, प्लॅटी अशा पिल्लं देणाऱ्या माशांत मादीच्या शेपटीकडच्या खालच्या पराजवळ एक गडद डाग असतो, दिवस भरत आले की तो मोठा आणि काळपट होत जातो. फिकट रंगाच्या मादीत तर शेवटी शेवटी पिल्लांचे डोळे ठिपक्यांसारखे आरपार दिसतात. काकांनी भिंग आणलं, नातीने टॉर्च धरली. पण मोली नखशिखान्त डांबरासारखी काळी. काळ्यावर काळा डाग शोधण्यात एक रविवार गेला. शेवटी आकारावरूनच ठरवावं लागतं. नुसत्या खाण्याने फुगलेलं पोट गोल दिसतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं; दिवस गेलेल्या मादीचं पोट आठवड्यागणिक भरत जातं आणि शेवटाला पुढून चौकोनी वाटायला लागतं. मोलीचे दिवस साधारण चार ते सहा आठवडे, तेही पाण्याच्या उष्णतेवर. त्यामुळे काकांनी कॅलेंडरवर एका तारखेला केलेली लाल खूण हा निव्वळ आशावाद होता.

मासा अंडी न घालता थेट पिल्लं देतो, हे नातीने आजींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. आजींनी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. "मुशी नाय बघितलीस कधी?"

इथे आजींना दाद द्यायला हवी. बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून जो लहान शार्क मिळतो, तो पिल्लंच देतो, आणि मोलीपेक्षा कितीतरी रीतसर देतो. मोलीच्या पोटात खरं तर अंडीच असतात. पिल्लू आपापल्या बलकावर वाढतं, आईकडून फारसं काही घेत नाही. मुशीचं अंडं मात्र इतकं बारीक, जेमतेम मिलीमीटरभर, की त्यातल्या शिदोरीवर पिल्लाचा निभाव लागणं शक्य नसतं. म्हणून मुशीच्या पोटात चक्क वार असते, नाळ असते आणि पिल्लं आईच्या रक्तावर पोसली जातात. सेटना आणि सारंगधर या अभ्यासकांनी मुशीच्या वाढीचा हा सगळा प्रकार १९४०च्या दशकात मुंबईत बारकाईने लिहून ठेवला. आजींनी तो त्यातली एक ओळही न वाचता विळीवर पाहिला होता. मुशी साफ करताना पोटातून पाच-सहा इंचांची, आईसारखीच हुबेहूब पिल्लं निघतात, कधी सहा तर कधी डझनभर, हे कोकणातल्या कुठल्याही मासे खाणाऱ्या स्वयंपाकघराला ठाऊक असतं. त्यांचं पुढे काय करतात, ते नातीने विचारलं. आजींनी सांगितलं. नात त्या दिवशी जेवली नाही.

मग सुरू झाली मोलीची सरबराई, पहिलटकरीण लेक माहेरी आल्यासारखी. काकू दिवसातून पाचदा चिमूटभर खाणं घालू लागल्या, "दोन जिवांची आहे" म्हणून. दोन नव्हे, पन्नास जिवांची होती, तरी तिचं पोट होतं तेवढंच. माशाला भूक लागल्याचा अभिनय उत्तम जमतो. काचेशी येऊन तोंड उघडझाप करणारी मोली पाहून पाषाणालाही पाझर फुटेल. न खाल्लेलं खाणं मात्र तळाशी जाऊन कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाच विषारी होतं. दोन-तीनदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच द्यावं, त्यात कधी उकडलेल्या मटारची साल काढून कुस्करलेली डाळ, कधी पालकाचं पान. मोली मुळात शेवाळ खरवडून खाणारी आहे. काकू रोज घासून लख्ख करत होत्या ती मागची हिरवी काच म्हणजे तिचं ताट होतं.

खरी गोम पाण्यात असते. मोलीला जड, चुनखडी असलेलं पाणी मानवतं. तिच्या मुळच्या मुलखात, मेक्सिकोच्या आसपास, काही जाती तर खाडीच्या मचूळ पाण्यातही सुखाने राहतात. रत्नागिरी जांभ्यावर वसलेली. जांभ्यातून झिरपलेलं पाणी हलकं आणि जरासं आंबट. डाळ शिजायला झकास, मोलीला नाही. अशा पाण्यात ती पर मिटून जागच्या जागी झुलत राहते. दुकानात यावर पोवळ्याचा चुरा मिळतो. आजींनी तो ऐवज फुकटात काढून दिला: तिसऱ्यांचे शिंपले. सार करून झालं की शिंपले घासायचे, उकळायचे आणि फिल्टरच्या कप्प्यात ठेवायचे. हलक्या पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड होतं. खायचा नाही तर मासा कशाला, असं विचारणाऱ्या बाईने शेवटी स्वतःच्या जेवणातला वाटा टाकीला दिला, हे काकांनी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं.

पावसाळ्यात आणखी एक संकट. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते. माणसांची पोटं सांभाळायला ती हवीच, पण माशाच्या कल्ल्यांना क्लोरीन सोसत नाही. गावाकडच्या विहिरीचं पाणी "ताजं, चांगलं" म्हणून कॅनमधून आणून थेट टाकीत ओतणाऱ्याने आधी बादलीचा वास घ्यावा. बादली उघडी ठेवली की दिवसाभरात क्लोरीन उडून जातो. त्यात जून लागला की वीज जाते, ती कधी पाच मिनिटांत येते, कधी दुसऱ्या दिवशी. हवेचा पंप बंद पडला की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं वर करतात. अशा एका रात्री काका तांब्याने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत बसले. उपाय शास्त्राला धरून आहे. शेजाऱ्यांना मात्र त्या आवाजाने भलतीच शंका आली.

याच दिवसांत मिरकरवाड्याला होड्या नांगरून पडलेल्या असतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो हे एक, आणि माशांचा हा विणीचा काळ असतो हे दुसरं. म्हणजे सरकार अरबी समुद्रातल्या माद्यांना विश्रांती देत होतं आणि काकू टाकीतल्या मादीला. घरात सुकट, सोडे आणि बोंबलांवर दिवस चालले होते. आजी टाकीकडे जरा जास्तच वेळ बघतात, असं नातीला वाटू लागलं.

प्रसूतिगृहाची सोय दुकानदाराने सुचवली: प्लॅस्टिकचा ब्रीडिंग बॉक्स. पोटुशी मादी वरच्या खणात, खाली फट. पिल्लं फटीतून खालच्या खणात पडतात आणि आईच्या तोंडापासून वाचतात. डबा वाईट नाही, पण दिवस भरलेल्या मादीला जाळीने पकडून त्या आगपेटीएवढ्या जागेत कोंडलं की ती घाबरते, आपटते, कधी पिल्लं अपुऱ्या दिवसांची टाकते. खरं तर तिला एकच गोष्ट हवी असते: दाट हिरवळ. जावा मॉस, हायड्रिला, वर तरंगणारं काहीही, ज्याच्या मुळांत पिल्लाला शिरता येईल. काकांनी पैसे वाचवायला तळ्यातून हायड्रिला उपसून आणली. तिच्याबरोबर चतुराची अळीही आली. बोटाच्या पेराएवढा हा प्राणी खालचा ओठ फटकन पुढे फेकून माशाची पिल्लं पकडतो. काकूंनी तो चिमट्याने धरून काकांच्या चहाशेजारी बशीत ठेवला. तेव्हापासून पाणवनस्पती आधी बादलीत ठेवून, निरखून मगच टाकीत जातात.

कॅलेंडरवरची लाल तारीख उलटून गेली. एका पहाटे, सगळे घोरत असताना मोली मोकळी झाली. नात दूध प्यायला उठली म्हणून शेवटची दोन-तीन पिल्लं बघायला मिळाली. पिल्लू दुमडलेलंच बाहेर पडतं, क्षणभर खाली जातं, सरळ होतं आणि पळतं. सेंटिमीटरभर लांबी, त्यात निम्मे डोळेच. ना न्हाऊ, ना शेक, ना धुरी. पहिल्या मिनिटापासून स्वतःचं पोट स्वतः भरायचं. आणि मागे वळून आईकडे बघायचं ते प्रेमाने नव्हे. आईला पिल्लू आणि खाणं यातला फरक कळत नाही. समोर हललं, तोंडात मावलं, गिळलं. "काय बाई ही आई!" म्हणून काकूंनी चार दिवस मोलीशी अबोला धरला. आजी म्हणाल्या, "मासाच तो. मासे खायचाच."

हिरवळीत लपलेली पिल्लं नातीने मोजली. दर वेळी आकडा वेगळा येई, पण चाळिशीच्या खाली कधी आला नाही. भरल्या अंगाची मोली शंभरीही गाठते. त्यांना मोठ्या माशांचंच खाणं बोटांत पीठ करून द्यायचं, किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक सुईच्या टोकावर राहील एवढा. काकूंनी अर्धा बलक घातला होता. पाणी ताकासारखं झालं आणि निम्मी टाकी उपसावी लागली.

पाच-सहा आठवड्यांनी मोलीचं पोट पुन्हा चौकोनी. या वेळी प्रश्न गंभीर होता, कारण नर मधल्या काळात वारला होता. काकांनी टाकीतल्या बाकीच्यांकडे संशयाने पाहिलं. गरज नव्हती. या कुळातल्या माद्या नराचं बीज पोटात महिनोन् महिने साठवून ठेवतात आणि एकाच भेटीवर अनेक विणी काढतात. त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पींवर झालेला एक अभ्यास २०१३ साली छापून आला. त्यात काही नर मेल्यावर दहा महिन्यांपर्यंत बाप होत राहिलेले आढळले. मोलीच्याच घराण्यात एक ॲमेझॉन मोली आहे, टेक्सास-मेक्सिकोकडची. तिचं नाव नदीवरून नव्हे, ग्रीक पुराणातल्या लढवय्या बायकांवरून पडलंय. तिच्यात नर नाहीतच. दुसऱ्या जातीचा नर अंडी जागी करण्यापुरता लागतो, त्याचा वंश पुढे जातच नाही. सगळ्या मुली आईच्या नकला. हे कार्ल आणि लॉरा हब्ज यांनी १९३२ साली जगापुढे मांडलं. नवरदेव फक्त अंतरपाटापुरता, असं काकूंनी यावर म्हटलं, आणि काका पेपर वाचू लागले.

चाळीस अधिक चाळीस. पिल्लं वाटायला सुरुवात झाली. पहिल्या खेपेला नातीच्या वर्गातल्या मैत्रिणींनी बरणीत घालून हौसेने नेली. दुसऱ्या खेपेला त्यांच्या आयांनी फोन उचलणं सोडलं. गप्पी असते तर गोष्ट वेगळी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं ते पाळतं आणि हौद-डबक्यांत सोडतं. मोलीला तसली सरकारी नोकरी नाही. "सोडा की वहाळात," असा सल्ला इमारतीतल्या तिघांनी दिला, आणि तो मात्र काडीचाही ऐकू नये असा. बाहेरून आलेले, भराभर विणारे मासे ओढ्यात गेले की इथल्या लहान माशांच्या खाण्यावर आणि पिल्लांवर टपून बसतात. कोकणातल्या वहाळांत डासांच्या अळ्या मटकावणारा इथलाच एक मासा आहे, डोक्यावर चकाकता ठिपका असलेला, वरवर तरंगणारा. त्याच्या पोटावर पाय आणायचं कारण नाही.

उरला मार्ग नर-मादी वेगळे करण्याचा. महिना-दीड महिन्यात नराच्या पोटाखालचा पर निमुळता होऊन काडीसारखा दिसू लागतो, मादीचा पंख्यासारखा राहतो. काका भिंग घेऊन बसले, दोन बादल्या भरल्या आणि संध्याकाळी दुसरी टाकी आणायला बाजारात गेले. दुकानदाराने माप घेता घेता सहज विचारलं, स्टँड दुमजली देऊ की तिमजली? तिमजलीला पुढे पैसे वाचतात म्हणाला. काका म्हणाले, घरी विचारून सांगतो.